रंगारी ईश्वरदास आणि एक डावा हात

ईश्वरदास पराते माझ्याकडे कामाला आले तेव्हा त्यांचं वय अठ्ठावन्न होतं आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. माझी दोन माणसं एकाच आठवड्यात काम सोडून शहराबाहेर मिहानच्या उद्योग वसाहतीतल्या कंपनीत गेली होती, भट्टी रिकामी तापत होती, आणि दारात हा सडपातळ म्हातारा उभा राहून विचारत होता, "भाऊ, इथं रंगाचं काम असते का जी?"

मी म्हणालो, "रंगाचं नाही. पकडीच्या मुठींचं असते."

"मूठ लाल आहे ना? मंग रंगाचंच झालं."

असं उत्तर देणाऱ्या माणसाला एक तर हाकलून द्यावं किंवा ठेवून घ्यावं. मी ठेवून घेतलं, आणि त्याला आता चार वर्षं झाली. या चार वर्षांत आमचं भांडण झालं नाही असा दिवस मला आठवत नाही. मी तापट आहे हे सगळं लकडगंज जाणतं. ईश्वरदास तापट नाहीत, पण हट्टी आहेत, आणि हट्टी माणसावर तापून काही उपयोग नसतो.

आमचं वर्कशॉप लकडगंजच्या मागच्या बाजूला, लाकूड कापणाऱ्या आरामशिनींच्या रांगेत आहे. पक्कड, पाने, कात्र्या यांच्या लोखंडी दांड्यांवर रबरासारखं मऊ प्लास्टिक चढवायचं, एवढाच आमचा धंदा. त्या मालाचं खरं नाव प्लास्टिसॉल, पण आम्ही नुसतं पेस्ट म्हणतो. पीव्हीसीची मैद्यासारखी पावडर आणि एक तेल, बस. घोटलं की धिरड्याच्या पिठासारखं दाट होतं आणि झाकून ठेवलं तर महिनाभर तसंच राहतं. तापवलेली पक्कड त्यात बुडवली की लोखंडाच्या अंगाला साय धरते. मग पुन्हा भट्टीत, एकशे ऐंशी डिग्रीवर. तिथे पावडरचे कण तेल पिऊन फुगतात, एकमेकांत विरघळतात, आणि पातळ होतं ते घट्ट होऊन बाहेर येतं. घट्ट, पण वाकणारं. पिळा, ओढा, दुमडा, परत जागेवर येतं. एकदा पिकलं की मात्र ते पुन्हा कच्चं होत नाही. कमी भाजलं तर चिमटीत तुटतं, जास्त भाजलं तर पिवळं पडतं आणि डोळ्यांत झोंबणारा धूर सोडतं. आत हवेचा बुडबुडा राहिला तर भोक पडतं, आणि शेजारच्या आरामशिनीचा भुसा उडून आला तर मी तोंडाला येईल ते बोलतो.

ईश्वरदास हे सगळं पंधरा दिवसांत शिकले. पक्कड पेस्टमधून काढायचा त्यांचा हात इतका सावकाश की खाली थेंब म्हणून लोंबत नसे. मी विचारलं तर म्हणाले, "सुताची लडी झटक्यानं काढली तर डाग पडते. सवय आहे."

ही सवय कुठली, ते सांगायला हवं. त्यांचा जन्म तांडापेठेतला, कोष्ट्याच्या घरातला. घरात तीन हातमाग होते, आजोबा आणि वडील नऊवारी विणायचे. ईश्वरदासांना मात्र मागाच्या ठोक्यानं डोकं दुखायचं. विणकराच्या घरात जन्मून मागावर न बसणारा पोरगा म्हणजे घरच्यांच्या मते कामातून गेलेला. त्याला विणकर सोसायटीत सूत रंगवायला धाडलं. तिथे तो असा रमला की तीस वर्षं बाहेर आला नाही. गिऱ्हाईक जुन्या लुगड्याची चिंधी आणायचं, आणि ईश्वरदास तसाच रंग सुतावर उतरवून द्यायचे. पुढे सोसायटीला कुलूप लागलं. मग दहा वर्षं ते मिहानमध्ये एका गेटवर गार्ड होते. तिथे त्यांनी एकच तक्रार केली, ती म्हणजे गणवेशाचा निळा धुतल्यावर जांभळा पडतो. सुपरवायझरनं ती मनावर घेतली नाही याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

माझ्याकडे तरी त्यांना कुठे रंग मिळाला होता? लाल आणि निळी पेस्ट व्यापाऱ्याकडून तयार यायची. डबा उघडायचा आणि बुडवायचं. असं असूनही ते रोज सकाळी नव्या डब्यातला रंग उन्हात धरून बघायचे आणि म्हणायचे, "कालच्यापेक्षा फिक्का आहे जी." मी म्हणायचो, "काका, पकडीले कोणी लग्नात नेऊन नाही राहिलं." ते तरी डब्यावर खडूनं फुली मारून ठेवायचे.

मागच्या दिवाळीआधी मिनल आमच्याकडे आली. ती माझ्या शाळेतल्या मित्राची बहीण, आणि कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या एका सेंटरमध्ये टेक्निशियन आहे. तिच्याबरोबर भिवापूरकडच्या एका गावचे चंपतराव आणि त्यांची मुलगी काजल होती. काजलचं वय बावीस. दोन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या थ्रेशरमध्ये तिचा डावा हात मनगटापासून गेला होता. ती ओढणी डाव्या बाजूनं घट्ट धरून उभी होती आणि आमच्या भट्टीकडे बघत होती, आमच्याकडे नाही.

मिनलनं मला बाजूला घेतलं. शोभेच्या हातावर जो कातडीसारखा मोजा चढवतात, तो आमच्याच पेस्टचा असतो, हे तिनं सांगितलं. तयार मोजे पाच-सहा रंगांतच मिळतात. काजलला एका शिबिरात असा हात मिळाला होता, गुलाबी-गोरा. गावात पोचल्यावर तिनं तो काढून ट्रंकेत टाकला आणि म्हणाली, "हा कोण्या मॅडमचा हात आहे, माया नाही." अपघाताआधी गावच्या बचत गटाचं मिरची पावडरचं काम हीच मुलगी सांभाळायची. आता दोन वर्षांत, ते शिबिर सोडलं तर, ती अंगणाच्या बाहेर गेली नव्हती.

"साचा माझ्याकडे आहे," मिनल म्हणाली. "रंग तेवढा जुळवून दे. महत्प्रयासानं आणलंय तिला. हे जमलं नाही तर पुन्हा येणार नाही, असं सांगूनच आलीय ती."

मी नाही म्हणणार होतो. माणसाचा हात म्हणजे पकडीची मूठ नाही, एवढं मला कळतं. पण ईश्वरदास मागे उभे राहून सगळं ऐकत होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी एक स्टूल उचललं, बाहेर रस्त्यावर उन्हात नेऊन ठेवलं आणि काजलला म्हणाले, "ये वं पोरी, इथं बस. ट्यूबलाइटले रंगातलं काही समजत नाही."

ती बसली, आणि सवयीनं ओढणीखालचा हात पुढे करू लागली. दोन वर्षं प्रत्येकानं तोच मागितला असेल.

"तो नको," ईश्वरदास म्हणाले. "मले चांगला दाखव. त्याच्यासारखाच दुसरा काढायचा आहे ना?"

अर्धा तास ते तिचा उजवा हात बघत होते. तळवा वेगळा, पाठ वेगळी, बोटांच्या पेरांवर गडद, नखांखाली तांबूस. असा हात कोणी बघतं हे मला माहीत नव्हतं. काजल आधी अवघडली, मग हसू लागली. "काका, भविष्य सांगता का?" तिनं विचारलं. चंपतराव मान फिरवून उभे राहिले. मुलगी बऱ्याच दिवसांनी हसली असावी.

दुसऱ्या दिवसापासून ईश्वरदास रंगाला भिडले. लहान मुलांच्या खेळण्यांत वापरतात ते, अंगाला न बाधणारं तेल मी मागवलं होतं. त्यांनी पेस्ट घोटली, आणि तांबडा, पिवळा, काळा, पांढरा असे चार रंग काडीच्या टोकानं घालत गेले. मी म्हणालो, "काका, आधी थोडी पिकवून पाहा."

"मले डोयानं दिसते."

"डोळ्यानं कच्ची दिसते, पिकलेली नाही दिसत."

"तीस वरस काय म्या डोये मिटून रंगवलं का जी?"

मी चिडलो आणि पकडींकडे निघून गेलो. ही माझी चूक. पेस्ट भट्टीत काय करते, मला पुरतं ठाऊक होतं. मी तिथे उभं राहून सांगायला हवं होतं.

मोजा काढायची रीत अशी. धातूचा साचा हाताच्या आकाराचा, आतून पोकळ. त्यात पेस्ट ओतायची, साचा गरम करायचा, भिंतीला एक थर धरला की उरलेली पातळ पेस्ट ओतून टाकायची आणि मग पुरतं पिकवायचं. पाण्यात थंड केल्यावर तो मोजा बाहेर ओढून काढायचा. ईश्वरदासांनी ओढला आणि हात अख्खा बाहेर आला, नखं, रेषा, मनगटावरची शीरसुद्धा. काम इतकं सुबक होतं की मी टाळी वाजवली. मग तो आम्ही बाहेर उन्हात नेला. काजलच्या हातापेक्षा तो चांगला दोन शेड गडद होता.

ती आलेलीच होती. तिनं मोजा उजव्या हाताशेजारी धरला, मग चंपतरावांच्या हाताशेजारी धरला. शेतात राबून रापलेला बापाचा हात आणि तो मोजा, दोन्हींत काडीचा फरक नव्हता.

"पहिला मॅडमचा होता," ती म्हणाली, "हा बाबाचा निघाला." ती हसत म्हणाली, पण ते हसू लगेच विरलं. तिनं मोजा स्टुलावर ठेवला आणि ओढणी सारखी केली. "राहू द्या काका. मी घरीच तर राहतो. मले कायले पायजे हात?"

दोघं बापलेक बस पकडायला गेले. ईश्वरदासांनी कात्री घेतली, मोज्याचे तुकडे केले, थर किती जाड बसला ते पाहिलं आणि घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी मी तांडापेठेत गेलो. त्यांच्या पत्नी पुष्पलताकाकू दारातच उभ्या होत्या. "आले का मालक? या. तुमच्या कारागिराले घेऊन जा बापा. जेवून नाही राहिले, बोलून नाही राहिले, नुसते सूत रंगवून राहिले."

खरंच, अंगणातल्या दोरीवर सुताच्या लड्या लटकत होत्या, काही ओल्या, काही वाळलेल्या, सगळ्या एकाच रंगातल्या. ईश्वरदास खाली बसून त्यांच्याकडे बघत होते.

"जितूभाऊ," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ओली लडी गडद दिसते. वाळली का एक शेड खाली उतरते. म्हणून रंगारी पाहिजे त्याच्याहून एक शेड जास्त काढते. मले कोणी शिकवलं नाही ते, हातच तसा चालते. पोरीच्या हातातही म्या तेच केलं. पण तो रंग उतरला नाही, उलटा चढला. काहून?"

मी शेजारी बसलो. म्हणालो, "कच्ची पेस्ट दुधाळ असते, काका. पावडरचे कण वेगवेगळे असतात तोवर रंग झाकलेला राहतो. पिकली की कण एक होतात, दुधाळपणा जातो आणि आतला रंग खुलून वर येतो."

"आणि तेल? तेल कुठं जाते?"

"कुठंच नाही. आतच राहते. म्हणून तर ते वाकते. तेल उडून गेलं असतं तर कडक होऊन तडकलं असतं."

त्यांनी एक वाळलेली लडी हातात घेतली आणि म्हणाले, "म्हणजे म्या पाणी उडून जाण्याची वाट पाहिली, आणि इथं काही उडूनच जात नाही." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि हसले. "एवढं साधं! अन् तुमाले माहीत होतं?"

"होतं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही ऐकलं असतं का?"

"नसतं ऐकलं," ते म्हणाले, आणि आतून काकूंनी आमच्या दोघांच्या नावानं काहीतरी सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. मला खरंच लाज वाटत होती. एका मुलीचं घराबाहेर पडणं आम्हा दोघांच्या अकडीत अडकलं होतं.

त्यानंतर त्यांनी चोवीस टिकल्या पिकवल्या. रुपयाएवढ्या, प्रत्येकीत रंग थोडा वेगळा, प्रत्येकीवर मागे नंबर. कच्चा रंग केवढा आणि पिकून केवढा, हे ते एका कागदावर दोन-दोन ठिपके देऊन नोंदवत होते. आयुष्यभर डोळ्यावर चाललेला माणूस कागदावर आला होता. मिनलनं फोन केला तेव्हा काजल यायला तयार नव्हती. ईश्वरदास म्हणाले, "तिनं काहून यावं? चुकलो मी. मी जातो." मग मी त्यांना माझ्या गाडीत घालून भिवापूरच्या पुढे काजलच्या गावी घेऊन गेलो.

काजल घरातून बाहेर येईना. चंपतरावांनी दोनदा हाक मारली. शेवटी ईश्वरदास उंबऱ्यापाशी उभे राहून म्हणाले, "पोरी, रंग म्या चुकवला. तुया हाताचा काही दोष नव्हता, मालाचाही नव्हता. मी चुकलो, म्हणून आलो."

आत काहीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली. चंपतराव नंतर मला म्हणाले की थ्रेशरचं ते झाल्यापासून किती लोक घरी येऊन गेले, कोणी नशीब म्हटलं, कोणी देवाची मर्जी म्हटलं, पण मी चुकलो असं म्हणणारा हा पहिलाच माणूस. तिनं अंगणात उजवा हात पुढे केला. ईश्वरदासांनी टिकल्या एकेक करून तिच्या हाताच्या पाठीवर ठेवल्या. सतराव्या टिकलीला ती स्वतःच म्हणाली, "थांबा. ही दिसून नाही राहिली." टिकली खरोखरच कातडीत हरवली होती.

पुढच्या आठवड्यात तो मोजा पिकून निघाला. पेरांवरचा आणि नखांचा रंग ईश्वरदासांनी बारीक ब्रशनं भरला, आणि मिनलनं तो शोभेच्या हातावर चढवून काजलच्या मनगटावर बसवला. काजल रस्त्यावर उन्हात गेली. दोन्ही हात समोर धरले, उलटे केले, सुलटे केले. "हा माया," एवढंच म्हणाली. जाताना ओढणी तिनं खांद्यावर टाकलेली होती. आता सगळं नीट झालं, असं मला वाटलं.

मार्चमध्ये एका दुपारी एक मुलगी एकटीच वर्कशॉपमध्ये आली. ऊन मी म्हणत होतं, डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये. तिनं स्कार्फ काढला तेव्हा मला कळलं की काजल आहे. तिनं दोन्ही हात माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "हे पाहा. रंग उतरला तुमचा."

डावा खरंच फिक्का दिसत होता. माझा पारा चढला. "हा रंग उतरत नाही!" मी म्हणालो. "डाग पडेल एक वेळ, पण रंग जात नाही. असं होऊच शकत नाही." डाग मात्र पडलेच होते. डाव्या बोटांवर तिखटाचे लाल डाग होते, या मालावरून साबणानं न निघणारे.

ईश्वरदासांनी मला बाजूला सारलं. तिचे दोन्ही हात धरून ते तिला बाहेर उन्हात घेऊन गेले. बघितलं. पुन्हा बघितलं. मग हळूच म्हणाले, "जितूभाऊ, डावा होता तसाच आहे. उजवा रापला."

"मंग काय होईन?" काजल म्हणाली. "सकाळी मिरची तोडाले जातो. गटाची पावडर आठवडी बाजारात मीच घेऊन बसतो. बुधवारी बँकेत. बसस्टँडवर सावली कुठं आहे? आता दोन हात वेगवेगळे दिसतात, तर बाया विचारतात."

ईश्वरदासांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. दोन वर्षं सावलीत बसलेल्या मुलीचा रंग आम्ही जुळवला होता, आणि ती मुलगी आता राहिली नव्हती.

त्यांनी लगेच पेस्ट घेतली, काडीनं रंग घालत गेले, छोटी टिकली पिकवून आणली आणि तिच्या उजव्या हातावर ठेवली. अगदी जुळली. "हा बरोबर बसला," ते म्हणाले. "हाच काढतो."

काजलनं टिकली उचलून त्यांना परत दिली.

"याच्याहून गडद काढा काका," ती म्हणाली. "एप्रिल-मे अजून बाकीच आहे."